पाठ्यपुस्तकाची पोथी करू नका!

संगणक अभियांत्रिकी असो, एमसीए असो की बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, ‘डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम’ हा विषय सुरुवातीच्या वर्षांतच विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. पुढे नोकरीच्या मुलाखतीची पहिली चाळणीही अनेक ठिकाणी याच विषयाची असते. आपल्या वस्त्यांतून, खेड्यांतून, आईबापांनी कर्ज काढून पाठविलेली मुले-मुली या शाखांमध्ये शिकत आहेत. त्यांच्या घरात या विषयाचे पुस्तक पहिल्यांदाच आलेले असते. पण ते पुस्तक वाचले कसे जाते? परीक्षेपूर्वी गाईड आणि मुलाखतीपूर्वी पाठ केलेली ठरावीक उत्तरे, असाच क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. आमचे स्पष्ट म्हणणे आहे की, हे शिक्षण नव्हे, हे पोथीवाचन आहे. अर्थ न कळता म्हटलेला मंत्र आणि अर्थ न कळता उतरवलेला प्रोग्रॅम यांत काडीचाही फरक नाही.

मुळात हा विषय आहे तरी काय? माहिती कशी मांडून ठेवावी याला डेटा स्ट्रक्चर म्हणतात आणि त्या माहितीवर काम करण्याची पायरीपायरीने सांगितलेली निश्चित रीत म्हणजे अल्गोरिदम. ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट आधी उचलले जाते, हा झाला स्टॅक. रेशन दुकानाच्या रांगेत आधी आलेल्याला आधी धान्य मिळते, हा झाला क्यू. पणजोबापासून पतवंडापर्यंत फांद्या फुटत जाणारी वंशावळ म्हणजे ट्री. गावांना जोडणाऱ्या रस्त्यांचे जाळे म्हणजे ग्राफ. या कल्पना आपल्या रोजच्या जगण्यातल्याच आहेत. इंग्रजी नावांचे ओझे बाजूला ठेवले की त्या कोणालाही कळतात.

मांडणी आणि रीत यांना एवढे महत्त्व का, हे दोन आकड्यांनी ध्यानात येईल. १० लाख नावांची यादी अस्ताव्यस्त असेल तर एक नाव शोधण्यासाठी वेळप्रसंगी दहाही लाख नावे तपासावी लागतात. तीच यादी अकारविल्हे लावलेली असेल आणि दरवेळी मधले नाव पाहून अर्धी यादी बाद करीत गेले, तर जास्तीत जास्त २० तपासण्यांत निकाल लागतो. या रीतीला बायनरी सर्च म्हणतात. आता ही यादी लावायची कशी? प्रत्येक जोडी तपासणाऱ्या भाबड्या रीतीने सुमारे ५० हजार कोटी तुलना होतात, तर मर्ज सॉर्टने सुमारे दोन कोटींत काम भागते. संगणक तोच, यादी तीच, रीत मात्र निराळी. हा फरक पैशाने विकत घेता येत नाही, तो डोक्यात यावा लागतो.

तो डोक्यात येतो कसा? पेन्सिल आणि कागद घेऊन. ४, ९, १५, २२, ३१, ४०, ५८ हे सात आकडे लिहा आणि ४० शोधा. मधला आकडा २२, ४० त्याहून मोठा, म्हणून डावी बाजू बाद. उरलेल्या तिघांत मधला ४०, सापडला. आता यादीत नसलेला ४१ शोधा. २२, मग ४०, मग ५८ आणि नंतर शोधायला जागाच उरत नाही. येथेच थांबले पाहिजे, हे प्रोग्रॅमला सांगितले नाही तर तो घाण्याच्या बैलासारखा फिरतच राहील. हे कागदावर एकदा अनुभवलेला विद्यार्थी ती चूक सहसा करीत नाही. पाठ करणारा मात्र ‘अधिक एक’ विसरतो आणि आपले कुठे चुकले हेही त्याला कळत नाही.

ही रीत दिसते सोपी, पण तिने भल्याभल्यांना चकविले आहे. डोनाल्ड क्नुथ यांनी नोंदविले आहे की, बायनरी सर्च प्रथम १९४६ साली प्रसिद्ध झाली आणि तिचे निर्दोष रूप छापून यायला १९६२ साल उजाडले. जॉन बेंटली यांनी व्यावसायिक प्रोग्रॅमरांना हीच रीत लिहायला दिली, वेळही भरपूर दिला, तरी १०० पैकी सुमारे ९० जणांच्या उत्तरांत चुका निघाल्या. बेंटली यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात आपले उत्तर बरोबर असल्याची सिद्धताही मांडली. पण २००६ साली जोशुआ ब्लॉख यांनी दाखवून दिले की, त्याच धर्तीवर त्यांनी स्वतः लिहिलेल्या जावा भाषेच्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे आणि ती चूक बेंटलींच्या पुस्तकातही आहे. मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून निम्मी केली जात होती. यादी १०० कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज २१४,७४,८३,६४७ या मर्यादेबाहेर जाऊन उणे होत असे. उपाय काय, तर आधी दोन टोकांतील अंतर काढा, ते निम्मे करा आणि डाव्या टोकात मिळवा. शाळेतले गणित! पण जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते वर्षानुवर्षे निसटले.

यातून काय घ्यायचे? पुस्तके टाकाऊ आहेत असे नव्हे. कॉर्मेन, लायझरसन आणि रिव्हेस्ट यांचे ‘इंट्रोडक्शन टू अल्गोरिदम्स’ १९९० साली आले. पुढे स्टाइन हे त्यात सहलेखक झाले आणि २०२२ साली त्याची चौथी आवृत्ती निघाली. हजाराहून अधिक पानांचा हा ग्रंथ विद्यार्थ्याला ‘मी सांगतो म्हणून मान’ असे सांगत नाही. प्रत्येक फेरीच्या आधी जे खरे होते ते फेरीनंतरही खरे राहिले काय, हे तपासायला तो शिकवितो. प्रकरणागणिक उदाहरणे देऊन ती विद्यार्थ्याकडूनच सोडवून घेतो. म्हणजे चांगले पाठ्यपुस्तक स्वतःच ग्रंथप्रामाण्य नाकारते. त्याची पोथी करतो तो आपण!

आता काही जण म्हणतील की, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणात प्रोग्रॅम लिहून देतात, मग ही मेहनत कशाला? प्रश्न असा आहे की, त्या साधनाने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे ठरविणार कोण? अनुभवी तज्ज्ञांची सिद्धताही जिथे अपुरी पडली, तिथे यंत्राच्या उत्तरावर डोळे झाकून अंगठा उठविणारा कर्मचारी सर्वांत आधी घरी बसेल. तपासणारा टिकेल. त्यामुळे समजून शिकण्याची गरज कमी झालेली नाही, उलट वाढली आहे.

आणखी एक कुजबूज आमच्या कानी येते. ‘या विषयाला वेगळेच डोके लागते’, असे वर्गात सुचविले जाते आणि ते डोके कोणाच्या घरात असते, हेही न बोलता सांगितले जाते. हा खोटारडेपणा आहे. ‘अल्गोरिदम’ हा शब्दच नवव्या शतकातील बगदादच्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला. भारतीय अंकपद्धतीवरील त्याचा ग्रंथ लॅटिनमधून युरोपात पोहोचला. हे ज्ञान माणसामाणसांत हिंडत आले आहे, ते कोणाची वारसाहक्काची मिळकत नाही. खरी अडचण डोक्याची नसून इंग्रजीची, महागड्या पुस्तकांची आणि शंका विचारायला घरात कोणी नसण्याची आहे. एआयसीटीईने २०२१ साली मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची वाट मोकळी केली. परंतु चांगली मराठी पुस्तके आणि मराठीत समजावणारे शिक्षक नसतील तर ती वाट कागदावरच राहील.

म्हणून आमचे सांगणे आहे. महाविद्यालयांनी पाठांतर तपासणारे प्रश्न कमी करून रीत कागदावर चालवून दाखवायला लावणारे प्रश्न विचारावेत. वस्तीतील वाचनालयांनी या विषयाच्या मूळ पुस्तकाच्या दोन-चार प्रती ठेवाव्यात. आयटी कंपन्यांत स्थिरावलेल्या आपल्या तरुणांनी रविवारचे दोन तास समाजमंदिरात फळ्यापुढे उभे राहावे आणि मराठीत शिकवावे. आणि विद्यार्थ्यांनो, पुस्तकातले उत्तर पाहण्याआधी आपले उत्तर लिहा, मग दोन्ही तपासा. तुमचे चुकले तर का चुकले ते शोधा. पुस्तकाचे चुकले असे वाटले तर तेही धीटपणे मांडा. नोकरी यातून मिळेलच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की, ‘हे असे का?’ हे विचारण्याची सवय लागेल. ती ज्याला लागली त्याला पुन्हा कोणी पोथीपुढे मान तुकवायला लावू शकत नाही.