फ्रॅक्चर कळतं, मग फ्रॅक्शन का कळत नाही?

'अपूर्णांक' हा शब्द मुलांना जड जातो म्हणे! म्हणून सेमी-इंग्लिश घ्यायचं आणि 'फ्रॅक्शन' म्हणायचं. पालकसभांमध्ये हे इतक्यांदा ऐकलंय की आता स्पष्टच लिहितो.

'फ्रॅक्शन' सोपा कसा काय? त्याचं मूळ लॅटिन क्रियापद 'फ्रांगेरे', म्हणजे मोडणे. 'फ्रॅक्चर' त्याचाच भाऊबंद. गाडीवरून पडून हात फ्रॅक्चर झाला, हे गावातल्या आजीलाही कळतं. पण फ्रॅक्शन म्हणजे मोडलेला तुकडा, हे एक वाक्य किती वर्गांत सांगितलं जातं?

ही कल्पना काही एकट्या युरोपची नाही. अरबीत अपूर्णांकाला 'कस्र' म्हणतात, अर्थ तोच, मोडणे. आपली 'कसर' तिथलीच. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त अपूर्णांक म्हणजे 'भिन्न', फुटलेला. हिंदी शाळांत आजही तोच शब्द आहे. जगाने शब्द अर्थावरून घडवले, आपण मात्र अर्थ काढून नुसता आवाज पोरांच्या हातात देतोय.

पुढचं बघा. 'डिनॉमिनेटर' म्हणजे नाव देणारा. तुकडा अर्धा की पाव, ते खालचा आकडा सांगतो. 'न्यूमरेटर' म्हणजे मोजणारा. असे तुकडे किती, ते वरचा सांगतो. आपले 'छेद' आणि 'अंश' हेच सांगतात, किती कापले आणि त्यातले किती घेतले. नावं वेगळी असतील तर आधी सारखी करा, मग बेरीज. छेद समान करायचा तो यासाठी!

हे सांगितलं नाही की काय होतं? किराणा दुकानात अर्धा किलो आणि पाव किलो मिळून पाऊण किलो, हे पटकन सांगणारा पोरगा वहीत १/२ + १/४ = २/६ लिहितो. वरचे वर, खालचे खाली. २/६ अर्ध्यापेक्षाही कमी, हे त्याच्या लक्षातही येत नाही. हा पोरगा मठ्ठ नाही हो, त्याला शब्दच मुके दिलेत आपण.

इंग्रजीला माझा विरोध नाही. पोरांना फ्रॅक्शनही येऊ द्या, अपूर्णांकही. पण पुढच्या पालकसभेत मार्कांच्या आधी एक प्रश्न विचारा: सर, या शब्दाचा अर्थ वर्गात सांगितला का?

उत्तर काय मिळतं, ते खाली लिहा.