ती कळ दाबून पाहिली काय ?

आपल्या कन्नड गांवांत हल्लीं जीं नवीं घरें उठत आहेत, त्यांत मेन स्विचाशेजारीं एक रुंदसें उपकरण दृष्टीस पडतें. त्यावर ‘टी’ अक्षराची एक लहान कळ असते. हें उपकरण म्हणजे आरसीसीबी. कित्येक वायरमन त्यास अद्यापि ईएलसीबीच म्हणतात. घर बांधतांना गृहस्थ तें बसवून घेतात. परंतु ती कळ पुढें कोणी दाबून पाहिली काय, असें विचारल्यास बहुधा उत्तर मिळत नाहीं. ही उदासीनता घातक आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

एमसीबी असतां हें आणखी कशाला, असा आक्षेप ऐकूं येतो. परंतु १६ अँपिअरचा एमसीबी तारांचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. अँपिअरचा विसावा भाग देहांतून कांहीं क्षण वाहिला तरी प्राण जाऊं शकतो, आणि तेवढ्यानें एमसीबी हालतहि नाहीं. आरसीसीबीचा हिशेब निराळा. फेजनें जितका प्रवाह घरांत आला तितकाच न्यूट्रलनें परत गेला पाहिजे. तूट आली कीं तें वीज तोडतें. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या नियमांत घरगुती जोडणीकरितां या तुटीची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठरविली गेली. आतां अमेरिकेंतील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनीं स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखविलें कीं, सुमारें १६ मिलिअँपिअरलाच सामान्य पुरुषाची मूठ आवळते व धरलेली वस्तु सुटत नाहीं. अर्थात् ३० ला हात सुटणार नाहींच. सारी भिस्त उपकरणाच्या त्वरेवर. त्यानें ३० मिलिअँपिअरला ०.३ सेकंदाच्या आंत आणि १५० ला ०.०४ सेकंदाच्या आंत वीज तोडली पाहिजे. वर्षानुवर्षें न हाललेला खटका धूळ व गंज यांनीं जखडला, तर ही त्वरा कोठली ?

आपल्याकडे चैत्र-वैशाखांत घरोघर कूलर लागतात. पत्र्याची पेटी, आंत पाणी, पाण्यांत पंप, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून बादली ओतणारें मूल ! त्याच दिवसांत काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. अर्थिंग निकामी असलें, म्हणजे पत्र्यांत उतरलेली वीज कोणाचा तरी हात लागेपर्यंत वाट पाहत बसते.

येथेंच कळीची मर्यादा लक्षांत घ्यावी. ती दाबतांच खटका पडला, तर यंत्र हालतें एवढेंच कळतें; न पडल्यास तें त्वरित बदलावें. (भारनियमनाच्या वेळीं दाबून उपयोग नाहीं, चाचणीस वीज लागतेच.) अर्थिंग कसें आहे, खटका किती वेळांत पडला, हें ती सांगत नाहीं. त्यास मोजमापाचें यंत्र पाहिजे. त्यानें आधीं १५ मिलिअँपिअर सोडून खटका पडत नाहीं हें पाहतात, मग ३० व १५० ला लागलेला वेळ मोजतात. वायरमननें नुसती कळ दाबून “चालू आहे” म्हटलें, तर पालकांनीं त्याजकडे आंकडे मागावे. विद्यार्थ्यांनीं मात्र फेजची तार जमिनीस लावून पाहण्याचें धाडस कदापि करूं नये.

वारंवार पडतें म्हणून उपकरण काढून सरळ तार जोडणें, ही तर सर्वांत वाईट चाल. तें बहुधा उगीच पडत नाहीं. इन्व्हर्टर बसवितांना न्यूट्रल एकत्र केलेले असतात, मोटारींत ओल शिरलेली असते, किंवा न्यूट्रल गेला म्हणून कोणा शहाण्यानें अर्थिंगवरच दिवा लावलेला असतो ! दोष शोधावयाचा सोडून चुगली सांगणाऱ्यासच घराबाहेर काढण्याचा हा प्रकार आहे. एका हातांत फेज व दुसऱ्यांत न्यूट्रल आला, तर मात्र हें उपकरणहि तो फरक ओळखूं शकत नाहीं.

विजेचें बिल येईल त्या दिवशीं वडील मंडळींच्या देखत ती कळ दाबावी, व तारीख पेटीच्या झांकणावर लिहून ठेवावी. संगणक चालू असेल तर तो तेवढा आधीं बंद करावा.