विश्लेषण : एकाच जिल्ह्यात टँकरही, महापूरही… सातारा-सांगलीत हवामान बदल जिल्ह्याच्या सरासरीने कसा कळणार?

सातारा आणि सांगलीने २०१९ हे एक वर्ष तीनदा सोसले. उन्हाळ्यात माण, आटपाडी, जत भागात चारा छावण्या सुरू होत्या. म्हसवडच्या छावणीत तर माणसे जनावरांसोबत महिनोन्महिने मुक्कामाला होती. ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटून अनेकांचे जीव गेले. त्यातून सावरेपर्यंत ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस लांबला आणि तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या छाटणी झालेल्या द्राक्षबागा दावण्याने गाठल्या. वर्षअखेरीस दोन्ही जिल्ह्यांच्या पावसाची नोंद ‘सरासरीपेक्षा जास्त’ अशी झाली. नोंद खरी होती, पण तिच्यावरून वरीलपैकी एकही गोष्ट कळत नाही.

अहवालात सातारा सुरक्षित कसा?

राज्याच्या हवामान बदल अनुकूलन कृती आराखड्यासाठी ‘टेरी’ या संस्थेने ब्रिटनच्या हवामान विभागासोबत अभ्यास केला. २०१४ मधील त्या अहवालात जिल्हावार असुरक्षिततेचा निर्देशांक काढला होता. नंदुरबार सर्वाधिक असुरक्षित ठरला, तर सातारा यादीच्या दुसऱ्या टोकाला, कमी असुरक्षित जिल्ह्यांत गेला. पद्धत चुकीची नव्हती. हवामानाचा फटका किती, तो कोणाला बसतो आणि सोसण्याची ताकद किती, अशा तीन बाजूंनी हा निर्देशांक मोजतात. सिंचन, रस्ते, साक्षरता, सहकार यांत सातारा पुढे, म्हणून सोसण्याची ताकद जास्त.

पण ही ताकद कोणाची? कराडच्या बागायतदाराची आणि पाटणच्या डोंगरउतारावरील वस्तीची मिळून एकच बेरीज झाली. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. माण किंवा जतमध्ये साधारण वर्षभरातही इतका पडत नाही. त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून घरे माणसांसह गाडली गेली. महाबळेश्वर ते दहिवडी हे अंतर सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. एवढ्या अंतरात सह्याद्रीचा माथाही येतो आणि पर्जन्यछायाही. त्यांची सरासरी काढली तर जे हवामान हाती येते, ते जिल्ह्यातील एकाही गावात नसते.

याचा परिणाम पैशांच्या वाटपावरही होतो. जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ पासून सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे ‘पोकरा’, हा शेतीला हवामान बदलाशी जुळवून घेण्यास मदत करणारा राज्याचा सर्वांत मोठा कार्यक्रम. त्याच्या पहिल्या टप्प्यात मुख्यतः मराठवाडा आणि विदर्भ होता. सातारा, सांगली नव्हते. विदर्भ-मराठवाड्याच्या ताटातले काढून इकडे वाढा, असे कोणी म्हणणार नाही. पण जतच्या पूर्व भागातील कोरडवाहू गाव आणि बीडमधील आष्टीचे गाव यांच्या अडचणी सारख्याच आहेत, फरक फक्त पत्त्याचा. ‘पश्चिम महाराष्ट्र’ या पत्त्याने माण-खटाव, जत-आटपाडीचे आजवर नुकसानच केले आहे.

पाऊस वाढला की त्याची वेळ बदलली?

हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि मधले कोरडे खंड लांबतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, १९५० नंतर मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांतील चढउतार असल्याचे त्यांनी दाखवले. मात्र त्यांनी अभ्यासलेला पट्टा आपल्या उत्तरेचा आहे. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्याला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही.

कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी. धरण कोणत्या तारखेपर्यंत किती भरायचे, याचे वेळापत्रक जुन्या वर्षांतील आवकेवरून ठरते. पाऊस चार महिन्यांत पसरून येई, तेव्हा ते चालून गेले. आता आठवडाभरात घाटात ढग रिते होतात, तेव्हा आधीच बरेच भरलेले धरण पाणी सोडण्याखेरीज काय करणार? आणि पाऊस लवकर थांबला तर आधी सोडलेल्या पाण्याचा जाब कोणाला विचारायचा? ही कोंडी खरी आहे, अभियंत्यांना शिव्या देऊन ती सुटत नाही.

पूर आला की बोट अलमट्टीकडे जाते. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. पुराचे खापर अलमट्टीवर फोडण्याऐवजी समितीने अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अडथळे, अतिक्रमणे यांकडे लक्ष वेधले. अलमट्टीची उंची वाढवण्याला विरोध करण्याची कारणे वेगळी असू शकतात आणि ती लढाई जरूर लढावी. पण सांगलीतील निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत काय बांधले गेले, हा प्रश्न कर्नाटकाला विचारण्याचा नाही.

द्राक्षाला मे महिन्यातील पाऊस का नडतो?

हवामान बदलाचा सर्वांत बारकाईचा धडा सांगलीच्या द्राक्षात आहे. बागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. पुढील हंगामात किती घड लागणार, हे खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांत ठरते आणि त्यासाठी मे-जूनमध्ये स्वच्छ ऊन लागते. २०२५ मध्ये मे महिन्यात पावसाची झड लागली आणि मान्सूनही त्याच महिन्यात राज्यात दाखल झाला. लोकांना उकाड्यातून सुटका झाल्याचे वाटले, पण बागायतदाराला धडकी भरली. ढगाळ हवेत काडी पक्व होत नाही, घडाऐवजी डोळ्यातून नुसती बाळी निघते. नुकसान मेमध्ये होते आणि दिसते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर.

इथेच विम्याची चौकट अपुरी पडते. हवामानावर आधारित फळपीक विमा मुख्यतः फळछाटणीनंतरच्या हंगामाचा विचार करतो. पाच महिने आधी, घड लागण्यापूर्वीच झालेली हानी त्यात कशी बसवणार? बागेवर प्लास्टिक आच्छादन हा उपाय सांगितला जातो. दावण्या, मणी तडकणे यांपासून ते वाचवते, पण ढगाळ दिवसांत ऊन आणून देत नाही. शिवाय त्याचा एकरी खर्च लहान बागायतदाराच्या आवाक्याबाहेरचा आहे.

पाणी पोहोचले म्हणजे अनुकूलन झाले?

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी दुष्काळी भागाचे चित्र पालटले, यात शंका नाही. त्यासाठी आटपाडीत वर्षानुवर्षे पाणी परिषदा भरल्या, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले. पण पाणी आले की मागोमाग ऊस येतो. वीज खर्चून वर चढवलेले पाणी बारमाही पिकाला गेले, तर पुढच्या दुष्काळात कालवा आटेल तेव्हा घसरण आधीपेक्षा मोठी असेल.

पुराचे पाणी दुष्काळी भागात वळवण्याची योजनाही जागतिक बँकेच्या मदतीने पुढे येत आहे. तलाव भरायला ती उपयोगी पडेल. तिने सांगलीचा पूर ओसरेल ही अपेक्षा मात्र सोडावी. महापुराचा विसर्ग लाखो क्युसेकमध्ये मोजतात आणि तो आठ-दहा दिवसांत निघून जातो. पंपांनी उचलले जाईल ते त्यापुढे किरकोळच.

वेगळा मार्ग याच जिल्ह्यात आहे. १९८०च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी नदीतील वाळू विकून पैसा उभा केला आणि बळीराजा धरण बांधले. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने दिला नाही, भूमिहीनांनाही दिला आणि त्यावर ऊस न लावण्याचे ठरवले. तेव्हा ‘हवामान बदल अनुकूलन’ हा शब्द कोणी ऐकलाही नव्हता.

अभ्यास कोणत्या पातळीवर हवा?

‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, राज्यभरात दोन हजारांहून अधिक. त्यांच्या नोंदींची चर्चा होते ती प्रामुख्याने विम्याच्या दाव्यांपुरती. सपाट मुलखात मंडळाला एक केंद्र चालेल, पण पाटण, जावळीत एका खोऱ्यातला पाऊस शेजारच्या खोऱ्यात नसतो. तेथे केंद्रे वाढवावी लागतील आणि दरडीचा इशारा वाडीच्या नावाने द्यावा लागेल. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दोन्ही जवळ आहेत. मंडळनिहाय नोंदी, पिकाची अवस्था आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद त्यांनी एकत्र मांडला, तर जिल्हा आराखड्यात पाटण आणि माणसाठी वेगवेगळी पाने लिहिता येतील. सध्या दोघांसाठी मिळून एकच पान आहे.