डागडुजी आणि लांबी

समीक्षेत ‘डागडुजी’ हा शब्द हिणवण्यासाठीच वापरला जातो, याला आमचा आक्षेप आहे. नौपाड्यात १९८८ साली आलेल्या टाटामोबाइलच्या पिढीतला एखादा पिकअप दिसलाच, तर त्याचे मडगार्ड निरखावे. पावसाळ्यात पत्र्याच्या घडीत चिखल साचतो आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर फुगवटा दिसेपर्यंत आत बहुधा भोक पडलेले असते. त्यात लांबी भरून रंग मारणे स्वस्त पडते. पण ओल आतच कोंडते आणि पुढल्या पावसाळ्यात पोपडे सुटतात. जाणता कारागीर चकचकीत, निकोप धातू लागेपर्यंत पत्रा कापतो, मापाचा नवा तुकडा हातोडीने घडवून वेल्ड करतो, सांध्याला आतूनही रेड ऑक्साइड लावतो. कुठवर कापायचे, हे ठरवणे हीच त्याची विद्या. जुन्या ग्रंथाचे मुखपृष्ठ तेवढे बदलून आतले मुद्रणदोष राखणारे आमचे प्रकाशक मात्र लांबीवरच भागवतात!

फळ्या बदललेले जहाज तेच का, यावर ग्रीक तत्त्वज्ञ भांडले. आरटीओने चासी क्रमांकावर बोट ठेवून तो वाद मिटवला आहे. पत्र्याच्या कामाची मजुरी मालकाला जड जाते, हे खरे. पण ज्याची रोजीरोटी त्या हौद्यावर चालते, त्याला दरवर्षीचा रंग अधिक महाग पडतो.