बॅटरी संपली, लॅपटॉप नाही

घरातील एखादी वस्तू बंद पडली, की आपण काय करतो? आमच्या लहानपणी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. भांड्यांची कल्हई उडाली, की दारावर कल्हईवाला येई. शेरवानीला भोक पडले, की ती रफूगराकडे जाई. घड्याळ थांबले, की घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसे. 'दुरुस्ती' हा शब्द मराठीत फारसीतून आला. तुम्हांला तो उर्दूतही नेहमी भेटतो. शब्द दोन्ही भाषांत टिकून आहे; काम मात्र कमी होत चालले आहे.

आमच्या शेजारी एक शिक्षिका राहतात. सारा मोहल्ला त्यांना 'आपा' म्हणतो. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी एक वापरलेला लॅपटॉप घेतला होता. दोन वर्षे तो नीट चालला. मग त्याची बॅटरी दम टाकू लागली. तीन तास चालणारा लॅपटॉप एका तासावर आला, नंतर दहा मिनिटांवर. शेवटी तर वायर काढली, की पडदा काळा! एका संध्याकाळी वीज गेली आणि मुलीने दुपारभर बसून लिहिलेला निबंधही गेला.

आपा एका सेवा केंद्रात गेल्या. तेथील तरुणाने लॅपटॉप उघडूनही पाहिला नाही. "मॅडम, हे मॉडेल जुनं झालं. आता नवीनच घेऊन टाका," तो म्हणाला. आपांनी मला बरोबर घेतले आणि आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. पण विजेच्या उपकरणांचे सुटे भाग घ्यायला येणारे लोक त्याला जुन्याच नावाने ओळखतात. तिथला कारागीर म्हणाला, "आपा, फिकीर करू नका. बॅटरी फोडून आतले सेल बदलून देतो. निम्म्या पैशांत काम होईल."

एकाने सांगितले, सगळेच टाका. दुसऱ्याने सांगितले, काहीच टाकू नका. माझ्या मते दोघांचाही सल्ला चुकीचा होता.

पहिल्याची चूक सहज कळते. लॅपटॉपचा पडदा चांगला होता, कळफलक चांगला होता, मुलीचे सारे काम त्यात सुरक्षित होते. सायकलचा टायर झिजला म्हणून कोणी सायकल भंगारात देत नाही. बॅटरी हाही झिजणाराच भाग आहे. लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. ती १९९१ साली प्रथम बाजारात आली आणि तिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इतक्या मोठ्या संशोधनाचे फळ असले, तरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली, की तिची साठवण्याची शक्ती घटू लागते. उष्णतेने ती आणखी लवकर थकते. गादीवर ठेवून लॅपटॉप चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. गादीमुळे खालची हवेची वाट बंद होते आणि लॅपटॉप तापतो.

दुसऱ्याची चूक सांगताना मला थोडे जड जाते, कारण माझा जीव कारागिरांच्या बाजूने आहे. त्याच्या टेबलावर एक फोडलेली बॅटरी पडली होती. आत सहा सेल होते. आपल्या पेन्सिल सेलसारखेच, पण जाडजूड. प्रत्येकाची जाडी १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. प्रत्येक सेल सुमारे ३.६ व्होल्टचा. दोन दोन सेलांच्या तीन जोड्या एकापुढे एक जोडल्या, की १०.८ व्होल्ट मिळतात. सोबत एक छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. ती प्रत्येक जोडीवर पहारा देते. एखादी जोडी फार भरली, फार रिकामी झाली किंवा तापली, तर ती पट्टी विजेचा प्रवाह तोडते.

हे सहाही सेल सारख्या ताकदीचे असावे लागतात. एक दुबळा निघाला, तर तो साऱ्यांना मागे ओढतो. बाजारात जुन्या सेलांवर नवे वेष्टन चढवून ते नवे म्हणून विकले जातात. कारखान्यात सेलांना धातूच्या पट्ट्या यंत्राने क्षणात जोडतात. टेबलावर डाग देताना मात्र सेल तापतो. आतील द्रव ज्वलनशील असतो. शिवाय पुष्कळदा सेल बदलल्यावरही ती पहारेकरी पट्टी कायमची बंद होऊन बसते आणि लॅपटॉप बॅटरी ओळखतच नाही. म्हणजे पैसे गेले आणि वर धोकाही! रफू चुकले, तर फार तर शेरवानी वाईट दिसते. बॅटरीचे रफू चुकले, तर घराला आग लागू शकते.

म्हणून मी आपांना म्हटले, "बॅटरी बदला, पण बॅटरी फोडू देऊ नका." कारागिराला राग आला नाही. त्याने त्याच मॉडेलची तयार बॅटरी काढून दिली. आम्ही जुन्या बॅटरीवरचा क्रमांक आणि व्होल्ट जुळवून पाहिले, भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण पाहिली आणि हमी बिलावर लिहून घेतली. सेल बदलण्यापेक्षा जास्त पैसे लागले. नव्या लॅपटॉपच्या मानाने मात्र ते फारच थोडे होते.

बॅटरी बसवायला किती वेळ लागला? एक मिनिटही नाही. लॅपटॉप उलटा केला, दोन खिट्ट्या सरकवल्या, जुनी काढली, नवी बसवली. त्याच दुकानात एक मुलगा नवा, सडपातळ लॅपटॉप घेऊन आला होता. त्याची बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले होते. (अशी बॅटरी दिसली, तर ती दाबू नका, टोचू नका, लॅपटॉप लगेच बंद करा.) तो लॅपटॉप उघडायला बारीक स्क्रूंची एक रांगच काढावी लागली आणि आतील बॅटरी गोंदाने चिकटवलेली निघाली. आम्ही चहा पिऊन परत आलो, तरी कारागीर ती सोडवतच होता.

खरा दोष मला इथे दिसतो. जो भाग झिजणारच आहे, तो गोंदाने का चिकटवावा? पातळपणा छान दिसतो, हे मान्य. परंतु त्यासाठी मालकाने आपल्याच वस्तूपुढे असहाय का व्हावे? युरोपीय संघाने २०२३ साली याविषयी नियम केला. लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता व बदलता यावी, असे तो सांगतो आणि त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवली. मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षे बॅटरी मिळाली पाहिजे, असेही त्यात आहे. आपल्या देशात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर विचार करण्यासाठी समिती नेमली. पण आपांसारख्यांना 'नवीनच घ्या' असे ऐकावे लागू नये, यासाठी युरोपसारखा स्पष्ट नियम हवा, असे मला वाटते.

राहिली जुनी बॅटरी. "इथेच ठेवा, चांगले सेल काढून टॉर्चला वापरीन," कारागीर म्हणाला. आपांनी ती दिली नाही. तिच्या जोडाच्या जागी चिकटपट्टी लावली आणि नंतर दोन बस बदलून ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात पोहोचवली. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे. मग त्यासाठीची पेटी त्या कारागिराच्या टेबलाशेजारीच का नसावी? संपलेली बॅटरी सर्वांत आधी येते ती तिथेच.