ठावठिकाण्याची ठेव

संकटात सापडलेल्या माणसाला मदत करावयाची, तर तो कोठे आहे हे आधी कळले पाहिजे. अन्नाची पोती भरून ठेवली, औषधे सज्ज केली. पण ती न्यावयाची कोठे हेच ठाऊक नसेल, तर त्यांचा उपयोग काय?

१२ जानेवारी २०१० रोजी कॅरिबियन समुद्रातील हैती देशात भीषण भूकंप झाला. पोर्ट-ओ-प्रिन्स ही राजधानी उद्ध्वस्त झाली आणि लोक वाट फुटेल तिकडे निघून गेले. ते कोठे गेले, याचा शोध स्वीडनमधील संशोधकांनी मोबाइल फोनच्या नोंदींवरून घेतला. फोनवरील बोलणे कोणत्या मनोऱ्यावरून झाले, याची नोंद कंपनीकडे राहते. कोणाचेही नाव उघड न करता त्या नोंदींचा हिशेब मांडण्यात आला. भूकंपानंतर १९ दिवसांनी सुमारे ६ लाख ३० हजार माणसे राजधानीबाहेर होती, असा अंदाज त्यातून निघाला. त्याच वर्षी कॉलऱ्याची साथ आली, तेव्हाही रोगग्रस्त भागातून लोक कोणीकडे जात आहेत, हे याच रीतीने शोधण्यात आले.

मग अशा नोंदी जितक्या अधिक तितके बरे, असे कोणी म्हणेल. त्याने ॲम्स्टरडॅम शहराचा एक नकाशा आठवावा. १९४१ साली हॉलंड देश नाझी जर्मनीच्या ताब्यात होता. त्या वर्षी तेथील नगरपालिकेच्या कचेरीत ज्यू लोकांच्या वस्तीचा नकाशा तयार झाला. त्यावरील एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. हॉलंडमधील लोकनोंदणी मोठी चोख होती; त्या चोखपणानेच घात केला. ज्यूंना हुडकून काढणे सोपे झाले आणि पुढे त्या देशातील एक लाखाहून अधिक ज्यू मारले गेले. मार्च १९४३ मध्ये काही धाडसी नागरिकांनी नोंदणी कचेरीला आग लावली. त्या प्रकरणी बारा जणांना देहदंड झाला. काही कागद नष्ट व्हावेत, म्हणून माणसांनी प्राण पणाला लावले!

हैतीत आणि हॉलंडमध्ये माहिती एकाच जातीची होती. हेतू मात्र भिन्न होते. पण केवळ आजच्या चांगल्या हेतूवर विसंबून चालत नाही. सत्ता बदलते, हेतू बदलतात, कागद मात्र तसाच राहतो. म्हणून अशी माहिती कामापुरतीच घ्यावी, तीतून नावे गाळावीत आणि काम संपताच ती नष्ट करावी. माणसाचा ठावठिकाणा ही त्याची ठेव आहे. ती ज्याच्या हाती येते, तो तिचा मालक नव्हे. केवळ राखणदार होय.