पन्हं हिरवं नसतं!

माझा स्वभाव तसा भांडखोर नाही. बसमध्ये कोणी माझ्या पायावर पाय दिला तर मीच 'सॉरी' म्हणतो. पण बाटलीतल्या पोपटी द्रावाला कोणी 'पन्हं' म्हटलं, की माझ्यातला मावळा जागा होतो.

अहो, पन्हं मुळात हिरवं नसतंच! कैरी आंबट, आणि आंबट पदार्थ शिजला की त्याचा हिरवा रंग टिकत नाही. कुकरमध्ये ताठ्यात गेलेली कैरी बाहेर येते ती मुलीचं लग्न उरकून परतलेल्या बापासारखी, पिवळट, सुरकुतलेली आणि मऊ. त्यात गूळ पडला की रंग आणखी मातकट. पोपटी पन्हं पोपटानंच प्यावं.

बाटलीवरचं बारीक अक्षर जरा भिंगातून वाचा. स्क्वॉश म्हणवून घ्यायला कायद्यानं फळाचा अंश २५ टक्के असला की पुरे! आमच्या बंड्याला ३५ टक्क्यांखाली कोणी पास करत नाही.

"पण वेळ कुणाला आहे?" हा यावरचा ठरलेला सवाल. मांडू या हिशेब. दोन कैऱ्या, कुकरच्या तीन शिट्ट्या. निवल्यावर साल सोलायची, कोय पिळून गर काढायचा. गराच्या दुप्पट गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड आणि ऐपत असेल तर केशराच्या चार काड्या. पितेवेळी माठातलं पाणी. संपलं! एवढ्या वेळात पेपरातलं शब्दकोडंसुद्धा सुटत नाही.

"हा बायकांना पुन्हा चुलीपाशी बसवण्याचा डाव आहे," असंही कोणी म्हणेल. आक्षेप अगदी रास्त. पिढ्यान्‌पिढ्या पन्हं ढवळलं एकीनं आणि ढेकर दिला दुसऱ्यानं. पण त्यावर इलाज बाटली कसा? नवऱ्याला कामाला लावा की! तीन शिट्ट्या मोजायला बी.कॉम. व्हावं लागत नाही. आमच्याकडे पन्हं मी करतो. चव बघून "गूळ कमी आहे" म्हणण्याचं खातं तेवढं बायकोनं स्वतःकडे ठेवलंय.

आणि खरं महत्त्व त्या खात्यालाच. एका झाडाच्या दोन कैऱ्यांचंही आंबटपणात एकमत होत नाही. म्हणून कोणीतरी चमचाभर चाखून, एक डोळा मिटून, "अजून एक खडा" म्हणावंच लागतं. बाटलीची चव कारखान्यात एकदा ठरते. चैत्रात तीच, मार्गशीर्षातही तीच. जिला ऋतूच ठाऊक नाही, ती चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळीशेजारी कुठल्या तोंडानं बसते?

काळ बदलला, हे मला सांगू नका. १९७७ साली कोका-कोला देश सोडून गेला, १९९३ साली परत आला. मधले सोळा उन्हाळे पन्ह्यानं एकही जाहिरात न करता काढले. आता ते हरलं तर कोणा परदेशी कंपनीमुळे नव्हे, आपल्याच आळसानं हरेल.

उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात पन्ह्याचा पेला दिला, की त्याला न बोलता कळतं, आपण येणार म्हणून इथं कोणीतरी सकाळीच कैऱ्या उकडल्या होत्या. बाटलीतून ओतलेल्या पेल्यातून एवढंच कळतं, की कोपऱ्यावरचं दुकान उघडं होतं.